सबब घोडी अनावश्यक

राधाकृष्ण बोरुडे अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले ते फक्त कचेरीतून. घरात त्यांची कचेरी चालूच होती. माळीवाड्यातल्या त्यांच्या माजघरात एक फडताळ होतं आणि त्यात लाल फितीने बांधलेल्या फायली. पाण्याच्या तोटीची एक, म्हशीची एक, शेजारच्या लिंबाची फांदी आपल्या कौलांवर येते त्याची एक. घरात कुठलीही गोष्ट ठरायची ती आधी कागदावर ठरायची.

बोरुडे, म्हणजे घरातले नाना, बोलत आणि त्यांची मुलगी राही लिही. दहाव्या वर्षापासून ती त्यांचे कागद लिहून काढत आली होती, कारण नानांचं अक्षर मोडीच्या वळणावर गेलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी खुद्द नानांनाही लागत नसे. मजकूर झाला की खाली नाना सही करत. ते बाहेर असले आणि कुणी कागदासाठी खोळंबलं तर राही सही करी, पण आधी 'करिता' लिहून. साहेबाच्या वतीने सही करणाऱ्याने 'करिता' लिहायचं असतं, हे ती पाढ्यांबरोबरच शिकली होती. दुसरी शिकवण अशी की चूक झाली तर खोडायचं नाही. खाली दुरुस्ती लिहायची, 'अमुक'ऐवजी 'तमुक' वाचावे.

"खाडाखोड म्हणजे लपवालपवी," नाना म्हणत. "दुरुस्तीत माणूस चूक कबूल करतो."

"तुमी कधी केली?" राहीची आई छबूबाई चुलीपाशी बसून विचारत.

"चूक झाली तर करीन."

चव्वेचाळीस सालच्या सुरुवातीला फडताळात एक नवी फाईल आली. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर गेलं होतं, आणि कुपन मिळण्याइतकी ओळख ज्याची त्याची मोटार फिरे. अशात कॅम्पातल्या बंगल्यातली एक म्हातारी मड्डम निलगिरीला राहायला निघाली आणि तिच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात एक बॅटरीची मोटार होती. तिला पेट्रोल लागत नाही, ती विजेवर चालते, असं लिलाववाल्याने तीनदा ओरडून सांगितलं. तरी पुढे कुणी आलं नाही. नाना पुढे आले.

मोटार उंच, काळी आणि चारी बाजूंनी काचेची होती. आत मखमली गाद्या आणि खिडकीशी एक छोटी फुलदाणी. चाकाऐवजी एक आडवा दांडा होता, तो पोटाशी ओढला की गाडी एकीकडे वळे, ढकलला की दुसरीकडे. हाकणारा मागच्या गादीवर बसे, आणि पाहुण्यांच्या दोन बैठका त्याच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून. म्हणजे पाहुण्यांची पाठ कायम रस्त्याकडे. मडमेच्या मैत्रिणी अशा गप्पा मारत हिंडत असतील.

छबूबाई पहिल्यांदा बसल्या आणि माळीवाडा वेशीपर्यंत जाऊन आल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "कुठं चाललोय ते दिसत न्हाई ह्यात. कुठनं आलो तेवढं दिसतं."

"काचेचं कपाट आलं," असं आळी म्हणाली. पण तीन आठवडे कपाट बरं चाललं. कापड बाजारात गेलं, स्टेशनावर गेलं, भिंगारला दोनदा जाऊन आलं. रोज रात्री त्याला मडमेच्याच एका गुणगुणणाऱ्या यंत्राला जोडावं लागे आणि त्या वेळी आळीतले दिवे पिवळे पडत. आजूबाजूची मंडळी म्हणू लागली की बोरुड्यांची मोटार जेवायला बसली, आता आपणही जेवून घ्यावं. नानांनी हे अनुकूल मत म्हणून फायलीला नोंदवलं.

मग त्यांनी राहीला समोर बसवलं. "विषय," ते म्हणाले. "एका कुटुंबाचे केवळ बॅटरीच्या मोटारीवर भागेल काय."

राहीने लिहिलं. कारणं तिला पाठच होती. मोटार दाणा खात नाही, लाथ मारत नाही, तिला नाल ठोकावे लागत नाहीत. एका चार्जात पस्तीस मैल जाते, असं मडमेच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. हा आकडा मड्डम तरुण असतानाचा होता, पण छापलेला होता. उलट घरची घोडी, नाव बिजली, वय बारा, कपाळावर पांढरा ठिपका, तिचा हरभरा लढाईने महाग केलेला आणि तिचा तबेला मोटारीला हवा.

"सबब," नाना म्हणाले आणि थांबले. खिडकीतून तबेला दिसत होता. "सबब घोडी अनावश्यक."

राहीची लेखणी जरा अडली. बिजलीच्या टांग्यातून ती शाळेत गेली होती. बोरुड्यांची पोरगी सातवीची फायनल होऊनही शिकतेच आहे आणि आता पुण्याला ट्रेनिंगला निघाली, असं भावकी म्हणत होती, त्या दिवशी नानांनी टांग्याचं टप खाली पाडून, सगळ्यांना दिसेल असं तिला स्टेशनावर नेलं होतं. तिने शब्द लिहिले. नानांनी सही केली.

घोडी गनीभाई टांगेवाल्याला देऊन टाकली. गनीभाई झेंडीगेटचा, नानांच्या नोकरीपासूनचा माणूस. त्याने बिजलीच्या मानेवर हात ठेवला.

"अमानत म्हणून ठेवतो, रावसाहेब. लागली तर निरोप धाडा."

"लागणार नाही. लेखी देतो," नाना म्हणाले आणि त्यांनी ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल त्याच्या हातात दिली. गनीभाईला वाचता येत नव्हतं. त्याने कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि जाताना छबूबाईंकडे पाहिलं. छबूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. पाणी जरा जास्तच घातलं गेलं.

पंधरा दिवसांनी राहीचा हुकूम आला. पारनेरच्या मुलींच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक. सोमवारी सकाळी अकरा वाजता हंगामी मास्तरांकडून शाळेचा चार्ज घ्यावा. अकरापर्यंत चार्ज न घेतल्यास नेमणूक रद्द समजून पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल.

राहीने हुकूम चार वेळा वाचला. तिचं वय चोवीस होतं आणि ही तिची तिसरी अर्जफेरी होती. चौथी होऊ देणार नाही, पोरीचं आता दुसरं काय ते बघू, असं भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी बजावून ठेवलेलं होतं.

"सातची सर्व्हिस मोटार हाय माळीवाड्यातनं," छबूबाई म्हणाल्या. "तिच्यात बसवून द्या म्हंजी झालं."

सर्व्हिस मोटार पेट्रोलअभावी कोळशाच्या धुरावर चालायची. मागे एक भट्टी बसवलेली असे आणि चढ आला की क्लीनर उतरून ती ढवळत असे.

"चार्ज घ्यायला जाणारी बाई वखारीतून निघाल्यासारखी दिसता कामा नये," नाना म्हणाले. "घरची मोटार आहे. मी स्वतः नेऊन पोचवणार. पारनेर चोवीस मैल. गाडी जाते पस्तीस. शिल्लक अकरा."

"आणि परत?" राहीने विचारलं.

"परतीचा प्रश्न परतीच्या वेळी."

नानांनी अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं. तिला पुण्याला पाठवल्याबद्दल गेली चार वर्षं ते ज्यांचं ज्यांचं ऐकून घेत आले होते, त्या एकेकाला त्यांनी गाठून सांगितलं होतं. अशा माणसाला कोळशाच्या मोटारीचं तिकीट काढा म्हणणं तिला जमलं नाही.

रविवारी ही सगळी मंडळी शुभेच्छा द्यायला आली. मोटार दाराशी उभीच होती. नाना म्हणाले, बसून तर बघा. दोघंदोघं करून त्यांनी सहा खेपा केडगावच्या रस्त्याला मारल्या. राहीचे चुलतचुलते, ज्यांनी ट्रेनिंग कॉलेजला कडकडून विरोध केला होता, ते दोनदा बसले.

"काटा खाली येतोय, नाना," राही म्हणाली.

"रात्री वर जाईल."

काटा रात्री वर गेला, पण पुरता गेला नाही. दिवे एवढे पिवळे पडले की समोरच्यांचा मॅट्रिकला बसलेला मुलगा पुस्तक घेऊन तक्रारीला आला, आणि नानांनी, विद्यार्थ्याचा प्रश्न म्हणून, यंत्र तासभर आधी बंद केलं.

सकाळी सहाला निघताना छबूबाईंनी सामान आणलं. ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी, पिठाचा डबा. आणि दोन गडी लावून जातं.

"जातं कशाला?" नाना म्हणाले.

"पारनेरच्या गिरनीचा काय भरवसा? इंजन बंद पडलं तर पोरीनं काय कच्ची ज्वारी चावायची?"

"यंत्रावर असा अविश्वास बरा नव्हे."

"मी अविश्वास करत न्हाई. मी जातं नेते."

जातं पुढच्या दोन बैठकांच्या मधे ठेवलं. गाडी एका अंगाने किंचित बसली. नानांनी मैलांचा हिशोब केला होता, त्यात जातं नव्हतं.

केडगावपर्यंत छान गेली. आवाज नाही, धूर नाही. नाना दांडा धरून ताठ बसले होते, त्यांच्या समोर मायलेकी, मायलेकींच्या मधे जातं आणि खिडकीशी फुलदाणीत छबूबाईंनी घातलेली झेंडूची दोन फुलं. राहीला नानांच्या डोक्यामागच्या काचेतून मागचा रस्ता दिसत होता. केडगाव सोडलं तेव्हा तिला त्या रस्त्यावर, बऱ्याच लांब, एक टांगा दिसला. मग वळण आलं आणि तो दिसेनासा झाला.

चासजवळ मेंढरं आडवी आली. मोटारीला आवाज नसल्यामुळे ती हलेनात. तिला एक घंटी होती, ती नानांनी वाजवली. घंटी देवळातल्यासारखी वाजली, आणि मेंढ्या हाकणारा मेंढरं सोडून काचेला नाक लावून आत बघू लागला. मखमल, फुलं आणि मांडी घालून बसलेल्या छबूबाई बघून त्याने हात जोडले.

"कुठल्या देवीची सवारी?"

"माळीवाड्याच्या," छबूबाई म्हणाल्या. "मेंढरं बाजूला घे बाबा. देवीला उशीर होतोय."

पुढे गेल्यावर नानांनी गाडी बाभळीखाली थांबवली. दमलेली बॅटरी घटकाभर विसावली की ताजी होते, असं पुस्तिकेत होतं. घटकाभर तिघं एकमेकांकडे बघत बसली. मागच्या काचेत टांगा पुन्हा दिसू लागला. आता तो बराच जवळ होता आणि घोडीच्या कपाळावर पांढरा ठिपका असावा असं राहीला वाटलं.

"आई," ती हळूच म्हणाली.

"रस्ता सरकारचा हाय," छबूबाई म्हणाल्या. "कुनीबी येईल."

"कोण येतंय?" नानांनी विचारलं. त्यांना मागे वळायची सवय नव्हती.

"कुनी न्हाई. तुमी पुढं बघा."

कामरगावचा घाट तसा काही घाट म्हणावा असा नाही. बैल त्याला चढ म्हणतात. मोटारीने त्याला घाटच मानलं. आधी ती सायकलीच्या वेगावर आली, मग माणसाच्या. डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी मागून आली, काचेबरोबर थोडा वेळ चालली, आत वाकून म्हणाली, "बसा, बसा, मी होते पुढं," आणि पुढे गेली. मग बाहेरचं एक बोरीचं झाड हलेनासं झालं. एरवी गाडी बंद पडली की आवाज बंद होतो. इथे बंद व्हायला आवाजच नव्हता, त्यामुळे तिघं जण आणखी थोडा वेळ प्रवास करत राहिली.

"चार्ज संपला," नाना शेवटी म्हणाले.

"आन हिचा चार्ज?" छबूबाई म्हणाल्या.

"दोन चार्ज वेगळे आहेत."

"तेच म्हनते मी. हा संपला, आन तो अकराला संपतोय."

राहीने मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेआठ झाले होते. पारनेर अजून तेरा मैल. समोर नाना होते आणि ते दांड्यावरचा हात काढायला तयार नव्हते. हात काढला तर गाडी थांबली हे कबूल होणार होतं.

एवढ्यात टपालाची पिशवी लावलेली सायकल ढकलत भिमाजी पोस्टमन चढ चढून आला. तो पारनेरलाच चालला होता, पण मागच्या कॅरिअरला टपालाचं गाठोडं होतं, माणूस बसण्याजोगी जागा नव्हती. नानांना तरतरी आली. त्यांनी खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि हंगामी मास्तरांना चार ओळी लिहिल्या. राही समोरच बसली होती, पण या वेळी त्यांनी तिला लिहायला सांगितलं नाही. कदाचित गाडी थांबल्याचं वाक्य तिच्याकडून लिहून घेणं त्यांच्या जिवावर आलं असेल.

भिमाजी गेला. आणि मागून खुरांचा आवाज आला, घुंगरांचा आला, आणि गनीभाईचा टांगा काचेशी येऊन उभा राहिला. बिजलीने मान आत घालायचा प्रयत्न केला. काच होती, म्हणून काचेवर श्वास सोडला.

"सलाम, रावसाहेब. सुप्याला चाललो होतो. एक भाडं होतं."

टांग्यात भाडं दिसत नव्हतं.

काचेवर उमटलेलं धुकं विरेपर्यंत नानांनी पाहिलं. मग राहीकडे पाहून म्हणाले, "जा."

"तुम्ही?"

"गाडी टाकून कसा येऊ? चार्ज माझ्याकडे आहे."

"नसलेला चार्ज," छबूबाई म्हणाल्या. "जा तू. ह्यांना आन जात्याला मी बघते."

टांग्यात राही मागच्या बाजूला बसली. तिथेही तोंड मागेच होतं. टांगा सुटला आणि उतारावर काचेचं ते कपाट लहान होऊ लागलं. आत नाना ताठ बसलेले, एक हात दांड्यावर, जणू आत्ता हलेल. आई त्यांना पाण्याचा तांब्या पुढे करत होती. वळण येईपर्यंत राहीने नजर काढली नाही.

बिजलीने सुप्याला फक्त पाणी घेतलं. अकराला दहा मिनिटं कमी असताना टांगा शाळेच्या लिंबाखाली थांबला आणि राही पदर सावरून ऑफिसात शिरली.

खुर्चीवर हंगामी मास्तर गोरक्षनाथ बसले होते. लहानखुरे, टोपीच्या कडेला घामाची रेघ. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा, हजेरीपट आणि नानांची चिठ्ठी.

"मी राही बोरुडे. चार्ज घ्यायला आले."

"या बाई," मास्तर म्हणाले आणि उठले नाहीत. "बसा म्हटलं असतं, पण दुसरी खुर्ची नाही. आणि ही मला सोडता येत नाही."

"का?"

"हुकूम आहे." त्यांनी चिठ्ठी दोन बोटांनी पुढे सरकवली. "अव्वल कारकून साहेबांचा. टपालानं आला."

राहीने ते वळण पाहिलं आणि तिला सगळं कळलं. नानांनी लिहिलं होतं, 'मोटारीचा चार्ज संपला असून नवीन चार्ज मिळेपर्यंत जागेवरून हलता येत नाही. त्यास दहा तास लागतात. सबब सांभाळून घ्यावे.' फक्त पहिला शब्द नानांच्या हाताने असा काही वळला होता की दहापैकी नऊ माणसांनी तो 'मास्तरांचा' असाच वाचला असता.

"मास्तरांचा चार्ज संपला," गोरक्षनाथांनी बोट फिरवत वाचून दाखवलं, "नवीन चार्ज मिळेपर्यंत जागेवरून हलता येत नाही. साफ आहे. दहा तास म्हटलंय. म्हणजे संध्याकाळचे सव्वाआठ."

"मास्तर, हे माझ्या वडिलांनी लिहिलंय. आमची मोटार बंद पडली."

"मोटारीचा इथं उल्लेख नाही, बाई."

"पहिला शब्द मोटारीचा आहे."

"हा?" त्यांनी चिठ्ठी आडवी धरली, उभी धरली. "हा मी आहे. बाई, राग मानू नका. मागं निघोजला असताना मी असाच तोंडी सांगण्यावरून जागा सोडली. मेमो आला. वर्षभर बढती अडली. तेव्हापासून मी कागदाबाहेर पाऊल टाकत नाही. बघा, पाणी प्यायलासुद्धा गेलो नाही सव्वादहापासून."

खिडकीत मुलींची डोकी जमली होती. गनीभाई दारात आला. त्याने परिस्थिती पाहिली.

"बेटी, म्हणशील तर खुर्चीसकट उचलतो."

"नको, चाचा."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला सहा मिनिटं होती. हुकुमाप्रमाणे अकराला दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते, आणि खुर्चीवर जो दिसेल त्याचंच नाव ते लिहिणार होते. राहीने मास्तरांकडे पाहिलं. या माणसाला समजावून उपयोग नव्हता, रडून नव्हता, साहेबांची भीती घालूनही नव्हता. असाच एक माणूस तिच्या घरी होता. त्याला हलवायचा एकच रस्ता असतो हे तिला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

"दौत द्या," ती म्हणाली.

तिने चिठ्ठी ओढून घेतली, खाली एक रेघ मारली आणि आपल्या स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं.

'दुरुस्ती. वरील मजकुरात "मास्तरांचा" असे वाचण्यात आल्यास त्याऐवजी "मोटारीचा" असे वाचावे. सदर चार्ज विजेचा असून शाळेचा नव्हे. सबब मास्तरांनी उठण्यास हरकत नाही.'

आणि त्याखाली, 'करिता, राधाकृष्ण बोरुडे, अव्वल कारकून (निवृत्त).'

मास्तरांनी ओठ हलवत दोनदा वाचलं. 'सबब'पाशी त्यांनी मान डोलावली. 'करिता'पाशी त्यांचा चेहरा सैल झाला.

"हे असं आधी का नाही पाठवलं?" ते म्हणाले आणि उठले. उठले ते थेट पाण्याच्या माठाकडे गेले.

दिपोटीसाहेब सायकलवरून उतरले तेव्हा राही खुर्चीवर होती. किल्ल्या, हजेरीपट, घंटा, दोन नकाशे आणि विषुववृत्तावर चिरलेला एक पृथ्वीगोल एवढं तिच्या ताब्यात आलं होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

"सर्व्हिस मोटार तर अजून सुप्याला धुमसते आहे. मी बघून आलो. तुम्ही कशानं आलात?"

"घरच्या वाहनानं."

"तुमच्या वडलांनी ती विजेवरची मोटार घेतली म्हणे. इतक्या लांब येते?"

राहीने दारातून बाहेर पाहिलं. लिंबाखाली घोडी तोबऱ्यात तोंड घालून उभी होती. काचेतले नाना तिच्या डोळ्यांपुढे आले.

"आमचं वाहन बिजलीवर चालतं, साहेब."

साहेबांनी शेरेबुक उघडलं आणि लिहिलं, 'बाई बिजलीवर चालणाऱ्या घरच्या वाहनाने वेळेपूर्वी हजर. प्रगतीचे लक्षण.'

मोटार दुपारी चारला आली. कामरगावच्या एका शेतकऱ्याचे दोन बैल तिला जुंपलेले होते. नाना मागच्या गादीवर दांडा धरून बसले होते आणि वळण आलं की तो वळवत होते, बैल वळल्यानंतर. छबूबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "जातं आलं."

नानांनी टोपी झटकली. राहीला खुर्चीवर बसलेली त्यांनी आधी दारातून पाहिली, मग खिडकीतून पाहिली. मग आत येऊन शेरेबुक मागितलं. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"बिजलीवर," ते म्हणाले.

"साहेबांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं."

नाना बाहेर लिंबाखाली गेले. घोडीने त्यांच्या खांद्याला नाक लावलं आणि कोटावर चाऱ्याचा हिरवा डाग पडला. त्यांनी तो पुसला नाही.

"ही आपण देऊन टाकली होती ना?"

"तुमी टाकली," छबूबाई म्हणाल्या. "मी गनीभाईला नुस्ता चार्ज दिल्ता. रोज दोन घमेली हरभरा आपल्याच घरनं जातोय."

"अमानत होती, रावसाहेब," गनीभाई म्हणाला. त्याने वरच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "हा तुमचा कागद. मला वाचता येत नाही, पण ह्या घोडीविषयी काही चांगलं लिहिलेलं नसावं असं वाटलं. म्हणून कुणाकडून वाचून घेतला नाही."

नानांनी कागद उलगडला. राहीचंच अक्षर होतं. शेवटची ओळ ते बराच वेळ पाहत राहिले. मग ऑफिसात आले, कागद टेबलावर, नव्या मुख्याध्यापिकेच्या पुढे ठेवला आणि समोर उभे राहिले. दुसरी खुर्ची नव्हतीच.

"लिही," ते म्हणाले.

"काय लिहू?"

नानांनी घसा खाकरला. बाहेर छबूबाई बैलवाल्याला जातं कुठल्या खोलीत न्यायचं ते सांगत होत्या, आणि मधेच त्यांचा आवाज थांबला.

"दुरुस्ती. वरील मजकुरात 'घोडी'ऐवजी 'मोटार' असे वाचावे."

राहीने लिहिलं. सवयीने खाली 'करिता' लिहायला लेखणी टेकवली, तेव्हा नानांनी ती तिच्या हातातून घेतली.

"याला करिता चालत नाही," ते म्हणाले आणि वाकून त्यांनी सही केली. सावकाश केली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणालाही वाचता येईल अशी होती.